सलाईनमधलं प्लॅटिनम

औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद होता आणि त्यावर एक ओळ होती : ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई वापरू नये. सिस्टरनी ती मोठ्यानं वाचली आणि डॉक्टर हिरेमठांकडे पाहिलं. हिरेमठांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे भिंत होती, त्यामुळे मला आणखी कुणाकडे बघता आलं नाही.

बेळगावच्या त्या इस्पितळात मी बायोकेमिस्ट होते. म्हणजे रक्त-लघवी तपासून साखर किती, युरिया किती, प्रथिनं किती हे सांगणारी बाई. पेशंट मला ‘रगातवाली आक्का’ म्हणायचे. हिरेमठ कॅन्सरचा वॉर्ड बघायचे. धारवाडकडचे, घरी कन्नड, पण पेशंटशी अस्खलित मराठी बोलायचे. फक्त घाई झाली की वाक्यातला ‘तो’ आणि ‘ती’ दोघंही ‘ते’ व्हायचे. औषध नवीन होतं. ऐंशी साल उलटून गेलं होतं, मोठ्या शहरांत ते द्यायला सुरुवात झाली होती आणि आमच्याकडे त्याची ही पहिलीच खेप. नाव सिसप्लाटिन. त्यात प्लॅटिनम असतं, हे ऐकून वॉर्डबॉयपासून मेट्रनपर्यंत सगळे ते खोकं बघून गेले.

सुईची शंका मी माझ्या पद्धतीनं फेडली. कुपीच्या तळाशी उरलेल्या दोन-चार थेंबांत ॲल्युमिनियमच्या झाकणाचा तुकडा टाकला आणि चहा प्यायला गेले. परत येऊन पाहते तर पाणी गढूळ आणि तुकड्यावर काळी पुटं. प्लॅटिनम औषधातून बाहेर पडून तिथं बसलं होतं. हिरेमठ म्हणाले, “म्हणजे हे पेशंटपर्यंत पोचण्याआधी सुईतच संपणार होतं.” त्या दिवसापासून स्टीलच्या सुया निवडून वेगळ्या डब्यात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. तपासणाऱ्या माणसाला कामं अशीच मिळतात.

हे औषध चालतं कसं, ते थोडक्यात सांगते. प्लॅटिनमच्या एका अणूला चार हात आहेत असं समजा. दोन हातांत अमोनिया घट्ट धरलेला, दोन हातांत क्लोरीन सैलसर. रक्तात मीठ भरपूर, म्हणून तिथं क्लोरीन बऱ्यापैकी हातातच राहतो. पेशीच्या आत मीठ कमी. तिथं तो सुटतो, हात मोकळे होतात आणि ते पेशीच्या गुणसूत्रांना मिठी मारतात. मिठी सुटत नाही आणि पेशीला पुढं वाढता येत नाही. म्हणूनच हे औषध मिठाच्या सलाईनमधून द्यायचं, नुसत्या पाण्यातून नाही.

इथपर्यंत ठीक. पण शिरेतून गुणसूत्रापर्यंत जाताना वाटेत प्रथिनं भेटतात. रक्तातल्या प्रथिनांत गंधक असतं आणि या जातीच्या धातूंना गंधकाचा भारी सोस. उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्यानं खाल्लं तर चमचा काळा पडतो, तो याच ओढीनं. मी हे उदाहरण हिरेमठांना दिलं. त्यांच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं आणि आमच्या घरात चांदीचा चमचा. दोघांनीही ते पुस्तकात वाचलेलं, त्यामुळे एकमत व्हायला अडचण आली नाही. तर रक्तात शिरलेलं हे प्लॅटिनम थोड्याच तासांत बहुतेक सगळं अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि एकदा चिकटलं की औषध म्हणून फारसं उरत नाही. जे काही काम व्हायचं ते सुरुवातीच्या थोड्या वेळात, मोकळ्या राहिलेल्या भागाकडून.

ज्याच्या रक्तात आम्ही ते पहिल्यांदा सोडलं तो परशराम. येळ्ळूरचा, पंचविशीच्या आतबाहेरचा, उद्यमबागेकडच्या एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे लोखंड ओतायचे साचे करणारा. दंड असे, की शीर शोधायला मला बोट फिरवावं लागायचं नाही. दुखणं अवघड जागेचं. एका बाजूचं अंड गाठीसारखं घट्ट झालं होतं आणि गड्यानं लाजेपायी कितीतरी महिने कुणाला सांगितलं नव्हतं. खोकला सुरू झाला तेव्हा आला. सर्जननी ती बाजू काढून टाकली, पण छातीच्या फोटोत कापसाचे बोळे पसरल्यासारखे डाग होते. गावात त्याच्या आईनं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलेलं. त्याचा साखरपुडा झाला होता, बोरगावच्या मुलीशी, आणि बोरगावलाही हर्नियाच कळवला होता.

या एका जातीच्या कॅन्सरला हे नवं औषध, सोबत आणखी दोन औषधं, असं दिलं तर माणूस पूर्ण बरा होतो, फुप्फुसात पसरलेला असला तरी, असं हिरेमठांनी वाचलं होतं. वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. वॉर्डात त्यांनी आतापर्यंत पाहिलेलं सगळं उलट दिशेनं जाणारं होतं.

शेजारच्या बायकांच्या खोलीत हौसाबाई होती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेला, मिश्री लावून लावून गालाच्या आतून कॅन्सर झालेला. माझी आईही त्याच वखारीत तंबाखू चाळायची, त्यामुळे हौसाबाईनं पहिल्याच दिवशी मला ओळखलं. “तू शांतीची न्हवं? तुज्या आईच्या पदराला बसून शिंकायचीस,” म्हणाली. तंबाखूच्या धुळीत वाढलेली आम्ही पोरं शिंकतच मोठी झालो. मी शिकले, कोल्हापूरला जाऊन एम.एस्सी. केलं, याचा हौसाबाईला इतका अभिमान, की मी तिचं रक्त काढायला गेले की ती सगळ्या खोलीला सांगायची : “आमच्या विहाराजवळची पोर हाय.”

तिच्या रक्तात अल्ब्युमिन फार कमी होतं. तोंड दुखतं म्हणून कित्येक दिवस तिच्या पोटात चहात बुडवलेल्या बटरापलीकडे काही गेलं नव्हतं. मी हिरेमठांना म्हटलं, अल्ब्युमिन कमी म्हणजे धातूला पकडून ठेवणारं कमी. मोकळं औषध जास्त फिरणार आणि तिच्या किडन्यांना ते झेपायचं नाही. ते म्हणाले, मलाही तेच वाटतं. तिचं औषध पुढं ढकललं आणि दुधात अंडं फेटून पाजायचं ठरलं. दूध-अंड्याचं ते मिश्रण हौसाबाई डोळे मिटून गिळायची, आणि मग जाळीच्या दारातून पलीकडच्या परशरामला दम द्यायची, की मी म्हातारी पिते आणि तू पैलवानासारखा गडी भात सोडतोस व्हय रं?

भात सोडण्याचं कारण होतं. आज या औषधाबरोबर उलटी थांबवणारी चांगली औषधं मिळतात. तेव्हा जे होतं ते असून नसल्यासारखं. परशराम ओकायचा म्हणजे पार मोडून जायचा. त्याची आई तांब्या धरून बसायची आणि मला विचारायची, आक्का, एवढं भारी औषध, सगळं ओकून बाहेर गेलं की! औषध पोटात नाही, शिरेत गेलंय, हे मी तिला किती वेळा समजावलं असेल. तिला ते पटायचं, आणि पुढच्या उलटीला पुन्हा विचारायची.

परशरामला स्वतःला मात्र या धातूचं कुतूहल होतं. प्लॅटिनम कितीला वितळतं, असं त्यानं विचारलं. लोखंडाच्याही वर, म्हटल्यावर जरा सुखावला. त्याच्याशी बोलता बोलता माझ्याही डोक्यात आलं, की प्रथिनाला किती चिकटतं आणि मोकळं किती राहतं हे आपण स्वतः एकदा बघावं. पुस्तकात होतंच, पण स्वतः मोजलेल्याची चव वेगळी. परशरामला विचारलं, तुझं थोडं जास्तीचं रक्त घेऊ का? तो म्हणाला, “घ्या की. तुमी न्हाय घेतलं तर डास घेत्यात.”

पद्धत सोपी. दूध नासवलं की चोथा खाली बसतो आणि पाणी वर येतं. रक्तातल्या पाणीदार भागात थंडगार अल्कोहोल घातलं की तसंच होतं : प्रथिनांचा चोथा खाली, पाणी वर. चोथ्यात सापडेल ते प्रथिनाला चिकटलेलं प्लॅटिनम, पाण्यात सापडेल ते मोकळं. घाई मात्र करावी लागते, कारण नळीतसुद्धा चिकटणं चालूच असतं. औषध संपल्या संपल्या एक नमुना, काही तासांनी दुसरा. दोन्ही नासवून, चोथा-पाणी वेगळं करून मी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवलं. धातू मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. कोल्हापूरला माझी एक मैत्रीण होती, तिच्या प्रयोगशाळेत माती-पाण्यातले धातू मोजायचे. प्लॅटिनमसाठी त्या यंत्राला खास दिवा लागतो, तो तिनं कुठून तरी उसना मिळवला. माझी रजा, माझं तिकीट आणि मांडीवर थर्मास, अशी मी एस.टी.त बसले.

सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर बस थांबली. चोरटी दारू पकडायची मोहीम असावी. पोलीस वर चढला आणि नेमका माझ्या थर्मासपाशी थांबला. कन्नडमध्ये त्यानं विचारलं, यात काय? मी कन्नडमध्येच सांगितलं, रक्त. त्याला मी थट्टा करते असं वाटलं. झाकण उघडलं, तर बर्फ आणि नळ्या, आणि नळ्यांमधून अल्कोहोलचा भपकारा. त्याचा चेहरा एकदम उजळला. मागच्या सीटवरच्या बाईनं माझ्यापासून पिशवी दूर ओढली. शेवटी मी कॅन्सर हा शब्द उच्चारला. त्यानं झाकण लावलं, हात पँटला पुसले आणि खाली उतरला. बस सुटायच्या आत पुन्हा खिडकीशी आला आणि मराठीत हळूच म्हणाला, वडिलांच्या जिभेवर पांढरा चट्टा आलाय, दुखत काही नाही, दाखवायला पाहिजे का? मी हिरेमठांचं नाव आणि बसायचे वार सांगितले. तो आला का ते मला माहीत नाही. चट्टेवाले पुष्कळ यायचे, आणि पोलीस वडिलांना आणताना गणवेशात येत नाहीत.

कोल्हापूरचा निकाल पुस्तकाबरहुकूम निघाला. पहिल्या नमुन्यात पाण्यातही प्लॅटिनम चांगलं होतं. दुसऱ्यात पाणी जवळजवळ रिकामं, सगळं चोथ्यात. मैत्रीण म्हणाली, यात नवीन काय? नवीन काही नव्हतं. पण परतीच्या बसमध्ये मी लग्नाहून आल्यासारखी बसले होते. आणि ती माहिती मला एका वेगळ्याच कामी आली.

दोन खेपा झाल्यावर परशराम तिसऱ्या खेपेला आलाच नाही. दिवस उलटले. खोकला थांबला होता, फोटोतले डाग आकसले होते, पण गेले नव्हते. हिरेमठ रोज विचारायचे, “ते येळ्ळूरचं आलं का?” इस्पितळाचा माणूस पाठवला तर आईनं सांगितलं, पोरगा बरा हाय. शेवटी रविवारी मी आणि हिरेमठ दोघं त्यांच्या स्कूटरवरून येळ्ळूरला गेलो.

परशराम शेतात खळ्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला, पण हिरेमठांच्या शर्टाला इस्पितळाचा वास असावा. तो मागं सरला, आणि बांधावर जाऊन ओकारी काढून आला. औषध नाही, सलाईन नाही, नुसत्या वासानं. हे खोटं नसतं. शरीर लक्षात ठेवतं.

“बघितलासा?” तो म्हणाला. “आता माज्यानं हुईत न्हाय, आक्का. मेलो तर मेलो.”

हिरेमठांनी त्याला डागांचं सांगितलं. अर्धवट सोडलं तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढतील, आणि पुढच्या वेळी त्या ऐकणार नाहीत. त्याची आई म्हणाली, एवढं दोनदा दिलंसा, त्यातलं काय अंगात उरलं नसंल व्हय? तेच काम करंल की हळूहळू.

मग मी त्याला कोल्हापूरचा निकाल सांगितला. त्याचंच रक्त होतं, त्याला सांगायलाच हवं होतं. म्हटलं, औषध अजून अंगात असेल, पण अडकलेलं. संध्याकाळपर्यंत ते तुझ्या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून बसतं, मग त्याचा उपयोग नाही. पहिल्या थोड्या तासांत जेवढं गाठीपर्यंत पोचतं तेवढंच खरं. म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

परशरामनं हिशेब केला. “म्हंजे एवढं ओकायचं, आणि माल निम्म्यापेक्षा जास्ती वाया?”

मला खोटं बोलता आलं असतं. “हो,” म्हटलं. “वायाच.”

हिरेमठांनी माझ्याकडे असं पाहिलं, की स्कूटरवर मला परत घेतात की नाही अशी मला शंका आली. परशराम मात्र खाली बसला. काडीनं मातीत रेघा ओढू लागला. एक चौकोन काढला, त्याला वरून एक नळी, बाजूनं एक नळी.

“साचा भरताना,” तो म्हणाला, “लोखंड नुसतं साच्यात जात न्हाय. वाटंच्या नळीत जातंय, वरच्या नळीत, रायझरात जातंय. गार झाल्यावर त्ये सगळं तोडून टाकायचं. पण तेवढं जास्ती वतलं न्हाय तर आतला माल पोकळ निगतोय.” काडी टाकून तो उठला. “तसंच म्हणायचं की ह्ये.”

“तसंच,” हिरेमठ पटकन म्हणाले.

यायला तो तयार झाला, पण एका अटीवर. सुमनला, म्हणजे बोरगावच्या त्या मुलीला, खरं सांगायचं. हर्निया नाही, काय आहे ते. आईनं कपाळाला हात लावला. लग्न मोडलं तर? मोडू दे, तो म्हणाला. ओकताना तोंड लपवायचं आणखी एक काम मला नको.

सुमन तिसऱ्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी आली, थोरल्या भावाबरोबर. बोरगावात शिवणक्लास चालवायची, बारीक अंगाची, चष्मा लावणारी. भाऊ हिरेमठांच्या खोलीत गेला आणि ती माझ्या लॅबमध्ये शिरली. आत येऊन दार लोटून घेतलं.

“आक्का, पोरं हुतील का?”

मी सांगितलं, माहीत नाही. एक बाजू शाबूत आहे. या औषधानं बीज काही काळ बंद पडतं. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. आधी सांगता येत नाही.

तिनं वॉर्डाच्या दिशेला मान केली. “आणि ह्ये? ह्ये ऱ्हातील?”

“राहील असं वाटतंय. आम्ही कुणीच अजून असा बरा झालेला पाहिलेला नाही, पण वाटतंय.”

“मग आदी त्ये बघूया,” ती म्हणाली, आणि भावाची वाट न बघता वॉर्डात गेली. थोड्या वेळानं मी गेले तर त्याच्या आईच्या हातातला तांब्या तिच्या हातात होता, आणि आई व्हरांड्यात बसून पहिल्यांदाच जेवत होती.

हौसाबाईचं तेवढं जमलं नाही, हे सांगायला हवं. दूध-अंड्यानं तिचं अल्ब्युमिन वर आलं, औषध सुरू झालं, किडन्यांनी साथ दिली आणि गालातली गाठ इतकी उतरली की ती भाकरी कुस्करून खायला लागली. घरी गेली. एकदा वखारीतल्या बायकांना घेऊन मला भेटायला आली आणि यंत्रं दाखव म्हणून हटून बसली. वर्ष व्हायच्या आत गाठ परत आली. तेच औषध पुन्हा दिलं, पण यावेळी गाठीनं दाद दिली नाही. काही पेशी शिकतात. गंधकवाली प्रथिनं स्वतःच्याच आत साठवतात आणि धातू आत आला की दारातच धरून ठेवतात, असं पुढं वाचनात आलं. जी चिकाटी आम्ही रक्तात मोजली, तीच गाठीच्या आत आमच्यावर उलटली असावी. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की अंडी खाऊ घालून आता काही होणार नाही. ती निपाणीला तिच्या घरीच वारली. शेवटी गालामुळे बोलता येत नव्हतं तेव्हाही मी भेटायला गेले की ती हातानं शेजारणीला खूण करायची : ही आमची. तिच्यासाठी आणखी काय करता आलं असतं, हे मी नोकरीभर स्वतःला विचारत आले.

परशरामचे डाग चौथ्या खेपेनंतर गेले. हिरेमठांनी तो फोटो दिव्यावर लावला, काढला, पुन्हा लावला. मग मला बोलावून घेतलं, जणू रक्त तपासणाऱ्या बाईला छातीचा फोटो वाचता येतो. मला काहीच दिसलं नाही, आणि दिसू नये हेच बघायला त्यांनी बोलावलं होतं. लग्न बोरगावला झालं. हिरेमठ आहेर घेऊन गेले, आणि जेवणाच्या पंगतीत कुणी तरी त्यांना विचारलं, हर्नियावाले डॉक्टर तुम्हीच का?

तपासणीला तो वर्षानुवर्षं येत राहिला. पुढं एकदा आला तेव्हा सुमन बरोबर होती आणि तिच्या कडेवर मुलगी. या वेळी तक्रार सुमनची होती. म्हणाली, कुकर शिट्ट्या मारून मारून जळतो, ह्ये शेजारी बसल्यालं असत्यात, ऐकू येत न्हाय. हिरेमठांनी मान हलवली. या औषधानं कानातले बारीक, उंच सूर जातात, पाखरांचे, शिट्टीचे. ते परत येत नाहीत. जीव राहिला त्याची ती किंमत, असं ते गंभीरपणे समजावत होते. परशरामही पडलेल्या चेहऱ्यानं ऐकत होता. म्हणाला, “व्हय डॉक्टर. शिट्टी ऐकू येत न्हाय, आणि हिची हाक बी ऐकू येत न्हाय.”

“शिट्टीचं खरं हाय,” सुमन म्हणाली. “हाकंचं खोटं.”

हिरेमठ म्हणाले, तसं नसतं बाई, कान तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, चिठ्ठी देतो. ते लिहायला लागले. सुमन उठली, मुलीला घेऊन परशरामच्या पाठीमागं दारापाशी जाऊन उभी राहिली आणि मुलीशी बोलावं तितक्या हळू आवाजात म्हणाली, “जाताना मटान घ्यायचं काय?”

“घे की,” परशराम मागं न बघता म्हणाला. “अर्धा किलो.”

हिरेमठांनी पेनाचं टोपण लावलं.